थोरल्याला मानवेल असं पाणी

"मोठ्या भावाला बरं नाहीये," खिडकीपलीकडून आवाज आला, आणि पाठोपाठ फळीवर एकामागून एक पाच बाटल्या उभ्या राहिल्या.

तिनं मान वर केली... मग अजून वर केली. माणूस एवढा उंच, की खिडकीतून तोंड दाखवायला त्यालाच वाकावं लागलं.

"मग डॉक्टरकडे न्या. इथे पाणी तपासतात."

"म्हणूनच आलोय. त्याला पाणीच बाधतंय."

"पितो किती?"

"उन्हाळ्यात दोनदा, थंडीत एकदा."

"वय?"

"तेहेतीस."

"उंची?" हे तिनं उगाचच विचारलं. फॉर्ममध्ये उंचीचा रकाना नव्हता, कधी नसतोच. पण माणूस इतक्या गंभीरपणे उत्तरं देत होता, की तिला राहवलं नाही.

त्यानं हात खाली नेला आणि आपल्या गुडघ्याच्या जरासा वर थांबवला. "एवढी. कुंडी धरून."

तिच्या मागे नमुन्यांची वही लिहिणारे काका खोकल्याचं निमित्त करून हसले. पाण्याच्या प्रयोगशाळेत हसण्यासारखं असतंच काय? नळाचं पाणी, टाकीचं पाणी, कारखान्याचं पाणी. दिवसभर ती काचेच्या नळीतून थेंब थेंब सोडत बसायची, म्हणून काकांनीच तिचं नाव 'थेंबाताई' पाडलं होतं. आता या बाईसमोर गुडघ्याएवढ्या भावाचा भाऊ उभा म्हटल्यावर काकांची सकाळ सोन्याची झाली.

उंच माणसानं मोबाइलवर फोटो दाखवला. उथळ निळ्या कुंडीत संत्र्याचं झाड. खोड जुनं, वळलेलं, सालीवर खवले. वर इवलीइवली संत्री. मात्र पानं पिवळी पडलेली, आणि पानांच्या फक्त शिरा हिरव्या.

"बाबांनी याचं बी रुजवलं आणि दोन वर्षांनी माझा जन्म झाला. म्हणून आई याला थोरला म्हणते, मी धाकटा. घरात सकाळी पहिलं पाणी त्याला. मग मला चहा." तो हसला. "बाबा गेले त्याला चार वर्षं झाली. त्यांच्या हातचं हे एवढंच राहिलंय. याला काही झालं तर आईला तोंड कसं दाखवू... म्हणून जेवढी मिळाली तेवढी पाणी आणलीत. यातलं कुठलं त्याला मानवेल, एवढंच सांगा."

तिनं पहिली बाटली उघडून वास घेतला.

"यात आधी काय होतं?"

"सरबत."

"संत्र्याचं?"

"छे छे! लिंबाचं. इतका निर्दयी नाहीये मी."

आता मात्र तिलाही हसू आवरेना. "हे नमुने चालायचे नाहीत हो. बाटल्या धुतलेल्या नाहीत, पाणी कधी भरलं ते लिहिलेलं नाही. मीच येते नमुने घ्यायला. उद्या, साडेदहाला."

नमुने घ्यायला ती जायची, हे खरं. पण टाक्यांवर, पंपांवर. बागेत जाण्याची ही पहिलीच खेप, आणि काकांनी ती वहीत टपोऱ्या अक्षरात लिहून ठेवली.

बाग म्हणजे घरामागची एक लांबट जागा. लाकडी मांडण्या, त्यांवर हारीनं ठेवलेल्या कुंड्या, आणि कडेला बोअरची टाकी. ती फाटकातून आत आली तेव्हा तो झाडांना पाणी घालत होता. हाक मारावी म्हणून तिनं तोंड उघडलं, पण तशीच उभी राहिली.

पाणी घालणं म्हणजे काय, झारी धरली आणि ओतलं! तिला आपलं असंच वाटायचं. पण या माणसाचं सगळंच निराळं. आधी तो मातीत बोट खुपसायचा, पहिल्या पेरापर्यंत. मग कुंडीची एक कड किंचित उचलून वजन अजमावायचा. काही झाडांना तो नुसतं बघून पुढे जायचा, "तुला दुपारी" असं काहीतरी पुटपुटत. ज्यांना द्यायचं त्यांना झारीच्या तोंडातून बारीक, उंचावरून पडणारी धार... माती नुसती ओली झाली की थांबायचा, पुढे जायचा, आणि सगळी रांग संपल्यावर परत पहिल्यापासून, कुंडीखालच्या भोकातून पाणी ठिबकेपर्यंत. एवढा मोठा हात, आणि एक कण माती जागची हलली नाही.

"दोनदा का?" तिनं विचारलं.

तो दचकला. "आलात कधी? ...कोरड्या मातीला एकदम पाणी दिलं की ते बाजूनं निसटून जातं. आधी तिची समजूत काढायची, मग पोटभर द्यायचं."

"माणसांशीही असंच वागता?"

"माणसांवर एवढा सराव नाही झालेला," तो म्हणाला आणि झारी या हातातून त्या हातात घेत राहिला.

मग तिची पाळी आली आणि बघत राहण्याची त्याची. तिनं बोअरचा नळ सोडला आणि घड्याळ लावून दोन मिनिटं वाहू दिला. बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळली. तोंडाला बोट न लावता भरली, बूच लावलं, चिठ्ठीवर वेळ लिहिली. मग ओंजळीत थोडं घेऊन जिभेच्या टोकावर थेंब ठेवला आणि डोळे मिटले.

"चुना," ती म्हणाली. "भरपूर. तुमच्या कुंड्यांच्या कडांवर पांढरं साठतंय ना, ते त्याचंच."

"जिभेनं कळतं?"

"जिभेनं संशय येतो. कळतं ते काचेच्या नळीत."

"पाण्याला चव असते हे मला आज कळलं," तो अगदी मनापासून म्हणाला. "एवढी वर्षं नुसतं पीत होतो हो!"

त्याची आई चहा घेऊन बाहेर आली. तिनं या मुलीला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, आधी चहा दिला, मग खुर्ची, आणि मग, "रोज येतेस का गं तपासायला?" असं विचारून मुलाला लाजेनं अर्धमेलं केलं.

दुसऱ्या दिवशी तिनं ते पाणी तपासायला घेतलं. चंबूत पाणी, त्यात रंगाचे दोन थेंब. पाणी कोकमाच्या सरबतासारखं लाल झालं. मग वरच्या नळीतून औषध सोडायचं, थेंब थेंब, चंबू हलवत. चुना संपला की एका थेंबात सगळं निळं. ती सोडत राहिली, सोडत राहिली, पण लाल हटेना. एवढं जड पाणी तिनं क्वचितच पाहिलं होतं. पानं पिवळी पडली त्यात नवल नव्हतं. चुन्यामुळे माती अशी होते, की झाडाला तिच्यातलं लोह ओढताच येत नाही.

अहवालाचा कागद भरायला घेतला. वापर: पिण्यासाठी, घरगुती, बॉयलर, बांधकाम. झाडासाठी असा रकानाच नाही. तिनं 'घरगुती'वर खूण केली, आणि घरगुती जड पाण्याखाली ती गेली सहा वर्षं जी ओळ लिहीत आली होती, तीच सवयीनं लिहिली: पाणी सॉफ्टनर लावून वापरावे.

त्यानं ती ओळ दोनदा वाचली, कागदाची घडी घालून खिशात ठेवली, आणि चार दिवसांत टाकीला सॉफ्टनरचं यंत्र बसवलं.

मग सुरू झाल्या बाटल्या! दर बुधवारी एक. स्वच्छ धुतलेली, वेळ लिहिलेली, तिनं शिकवलं होतं तशी.

"आज काय तपासायचं?"

"आज... वास."

"गेल्या बुधवारीही वासच होता."

"या बुधवारी निराळा वाटला."

"आणि तसा नसला तर?"

"तर पुढच्या बुधवारी परत बघू."

काकांनी त्याचं नाव 'बाटलीवाले' ठेवलं. "थेंबाताई, बाटलीवाले आले हो!" अशी हाळी घातली, की तिचा हात ऐन थेंबाला हलायचा आणि सगळं पहिल्यापासून करावं लागायचं. ती चिडायची. म्हणजे, चिडल्यासारखं करायची. मंगळवारी संध्याकाळी दुसऱ्या दिवशीचा कुर्ता इस्त्री करताना आपण गुणगुणतोय, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा ती एकटीच लाल झाली. आवडत होता तिला तो. त्याची उंची, त्याचं बावरणं, झाडांशी बोलणं... आणि सगळ्यांत जास्त ते मातीत बोट घालून विचारणं, तुला हवंय का?

सहाव्या बुधवारी बाटली आली, पण माणूस हसला नाही.

"पानांची टोकं जळतायत," तो म्हणाला. "तपकिरी पडून गळतायत. आई काल दोन तास त्याच्यापाशी बसून होती. एक शब्द बोलली नाही."

ती आत पळाली. चंबूत पाणी घेतलं, रंग टाकला, आणि पाणी औषधाच्या पहिल्या थेंबाआधीच निळंशार झालं. चुना शून्य! यंत्र चोख काम करत होतं. मग झाड का जळावं? आणि तेव्हा तिला आठवलं. सॉफ्टनर चुना काढतो, पण त्याच्या बदल्यात पाण्यात सोडतो काय? मीठ घालूनच तर तो चालतो!

तिनं पाण्याचा फवारा तपासणीच्या ज्योतीत सोडला. निळी ज्योत भसकन पिवळी झाली. सोडियम. नळांना, कपड्यांना, माणसांच्या अंगाला त्याचं काही नाही. पण संत्र्याच्या झाडाला? दीड महिना ते झाड रोज दोन वेळा विष पीत होतं. आणि ते पाजायला सांगणारी ओळ तिच्या अक्षरात होती.

काकांनी जुना अहवाल काढला, चष्मा वर-खाली केला. "ताई, खूण 'घरगुती'वर आहे. घरगुतीला हेच लिहितात. आपल्यावर काही येत नाही यात. आणि त्याला कुठे कळतंय?"

"मला कळलंय ना, काका," ती म्हणाली.

संध्याकाळी ती बागेत गेली. सांगितलं नाही तर झाड जाईल. सांगितलं तर हा जाईल. वाटेत तिनं दहा प्रकारे वाक्यं जुळवली होती. थोरल्यासमोर उभी राहिली आणि दहाच्या दहा विसरली. अर्धी पानं गेली होती. उरलेल्यांच्या कडा कागद जाळावा तशा झालेल्या.

"हे मी केलंय," ती म्हणाली. "सॉफ्टनर मीठ सोडतो. मला ते माहीत होतं... माहीत असूनही लिहिलं, सवयीनं. झाडाचा विचारच केला नाही. यंत्र आत्ताच्या आत्ता बंद करा."

तो वळला. टाकीपाशी गेला, चावी फिरवली, परत आला.

"आता काय द्यायचं?"

"क्षार नसलेलं पाणी. भरपूर. आतलं मीठ धुऊन निघेपर्यंत."

"कुठून आणू? पावसाला दोन महिने आहेत."

"मी बघते."

"नको," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, आणि तिला त्याचंच जास्त लागलं. "मी तुमचा कागद खिशात घेऊन फिरत होतो. आईला वाचून दाखवला होता. ...तुम्ही निघा आता."

ती निघाली. कोपऱ्यापर्यंत नीट चालली आणि मग रडली, भर रस्त्यात, रुमालही न काढता.

पण रडून झाडाला काय पाणी मिळणार? दुसऱ्या दिवशी तिनं कंबर कसली. दुकानातलं बाटलीबंद पाणी तिनंच कितीदा तपासलेलं. त्यात चवीसाठी क्षार घातलेले. प्रयोगशाळेचं शुद्ध पाणी कामासाठी मोजून मिळायचं. मग गेलं तिचं लक्ष खिडकीबाहेर. वरच्या मजल्यावरच्या एसींच्या नळ्या भिंतीवर दिवसभर टपटपत होत्या, आणि ते पाणी गटारात जात होतं. वाफेचं झालेलं पाणी! तिनं चंबू धरला. चुना नाही. ज्योतीत धरलं, ज्योत निळीच. यंत्रातलं तांबं उतरलं असेल म्हणून तेही तपासलं, नव्हतं. एकदा हात पोळल्यावर आता ती काहीच सोडणार नव्हती.

तिनं नळ्यांखाली बादल्या लावल्या. रोज सकाळी दोन कॅन स्कूटरवर बांधून बागेच्या फाटकाशी ठेवायची, वर चिठ्ठी: कधी भरलं, काय तपासलं, कसं द्यायचं. आत जायची नाही. निघा म्हटलं होतं ना त्यानं! रिकामे कॅन दुसऱ्या दिवशी तिथेच असायचे, धुतलेले. फक्त तेवढ्यावरून तिला कळायचं, की पाणी दिलं जातंय. बुधवार आले आणि गेले. काकांनी हाळी घातली नाही.

अठराव्या दिवशी फाटकात आई उभी होती.

"तो रोज तुझी चिठ्ठी वाचतो," आई म्हणाली. "मग मला वाचून दाखवतो. मी म्हटलं, अरे, मला काय दाखवतोस, तिला बोलव की! तर म्हणतो, मी तिला घालवलं, आता कुठल्या तोंडानं बोलवू? अठरा दिवस हेच चाललंय. दोघं सारखेच खुळे. मला कंटाळा आला बाई. चल आत."

"पण थोरल्याला मी..."

"अगं, यांनी याच झाडाला एकदा उन्हात विसरून पार वाळवलं होतं. यांनी! जीव लावणाऱ्याच्याच हातून होतं असं. न लावणारा हात कशाला लावतोय?" असं म्हणून आईनं एक कॅन स्वतः उचलला.

त्या दिवसापासून ती कॅन आत आणून द्यायला लागली, आणि थोरला जगला. टोकाटोकाला हिरवे कोंब फुटले. पण उजवीकडची खालची फांदी वाचली नाही. बाबांनी सगळ्यांत आधी वळवलेली फांदी होती ती.

ती कापायचा दिवस उजाडला तेव्हा पाऊस चांगला आठवडाभर मुरला होता. टाक्या, पिंपं, बादल्या, सगळं काठोकाठ. तरी ती दोन कॅन घेऊन आलीच. तिनं फांदी धरली, त्यानं करवत चालवली. फांदी तिच्या हातात आली.

"आता याचं तोंड बदलावं लागेल," तो म्हणाला. "बॉन्सायला पुढची बाजू असते. बघणाऱ्यानं जिथून बघायचं ती. फांदी गेली की ती बाजू रिकामी दिसते. मी कुंडी फिरवतो. तुम्हाला जिथे वाटेल तिथे थांबवा."

"मी? मला काय कळतं त्यातलं?"

"तुम्ही बघता ना नीट. तेवढं पुरतं."

तो कुंडी हळूहळू फिरवू लागला. पावसाचे बारीक थेंब पानांवर, त्याच्या केसांवर. ती बघत होती. खोड वळलं, झुकलं, परत उभं राहिलं...

"थांबा. इथे."

"इथून घाव दिसतोय."

"दिसू दे. लपवला तर मला रोज आठवेल, की मी लपवलाय."

तो किती तरी वेळ तिच्याकडे बघत राहिला. "राग आला होता मला," तो म्हणाला. "खूप. पण झाडाचा राग चार दिवसांत गेला. पुढचा सगळा माझाच होता... निघा म्हटलं, आणि तू खरंच निघून गेलीस, त्याचा."

तिनं थोरल्याकडे पाहिलं. आणि आत्ता तिच्या लक्षात आलं, की त्याचं तोंड आता घराकडे नव्हतं. ते फाटकाकडे होतं.

"उद्यापासून कॅन आणू नकोस," तो म्हणाला.

खरंच की. एवढं पावसाचं पाणी साठलेलं. झाड बरं झालं. आता इथे यायला कारणच काय उरलं? "बरं," ती कशीबशी म्हणाली.

"नुसती ये."

ती मान वर करून बघतच राहिली. त्याचे कान लाल झाले होते, आणि हात अजून कुंडीच्या कडेवर होते.

"आणि कधी... परत जावंसंच वाटलं नाही तर?" तिनं विचारलं.

कुंडीवरचा ओला, मातीनं भरलेला हात त्यानं उचलला, पुसायचंही विसरून तिच्यापुढे धरला, आणि तिनं तो तसाच हातात घेतला.